खडूचे डोहाळे

वामनरावांनी त्या दिवशी तोंड आवरलं असतं, तर धानोरखेडला खडूचा पत्ताही लागला नसता. पण ते पडले विस्तार अधिकारी. आवरतं घेणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं.

साल चौसष्ट. धानोरखेडला आम्ही बालवाडी सुरू करत होतो. मी, पद्मजा, तिथली ग्रामसेविका. माझे वडील यवतमाळच्या कोर्टात कारकून, आजोबाही कारकून, त्यामुळे कागदावरचं जग खरं मानणारी माणसं मी पाळण्यातून पाहत आलेली. वामनराव त्यातलेच, पण मनानं सज्जन, आणि सज्जन माणसाला गप्प करणं फार अवघड असतं.

नेरहून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून त्यांनी पौष्टिक पिठाची पोती उतरवली. तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ, त्यात हरभऱ्याचं पीठ, आणि पोरांची हाडं बळकट व्हावीत म्हणून त्यात मिसळलेलं कॅल्शियम. या पिठाचे गूळ घालून लाडू वळायचे आणि रोज सकाळी बालवाडीत पोरांना द्यायचे, एवढीच योजना. गाव जमलं होतं. पाटील होते, पाटलीणबाई होत्या, वासरासारखी धरून आणलेली पोरं होती. मी दोन शब्द बोलून बसले आणि वामनराव उठले.

"कॅल्शियम, कॅल्शियम म्हणतात ते काय?" असं म्हणून त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हा पाहा. याचाच सख्खा भाऊ. कारखान्यात शुद्ध करून, दळून, तुमच्या मुलांच्या लाडवात घातलेला आहे."

सभेत शांतता पसरली. वामनरावांना वाटलं, लोक भारावले.

लाडू वळायला पंचफुलाला नेमलं होतं. पंचफुला बौद्धपुऱ्यातली. छप्पन साली ती आणि तिचा नवरा उकंडा नागपूरला जाऊन आले, आल्यावर घरातले देव नदीत सोडले, आणि मग पंचफुलानं प्रौढवर्गात बसून लिहाय-वाचायला शिकून घेतलं. तिच्या पुऱ्यातून सरकारी कामावर लागलेली ती पहिली बाई. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून आली होती आणि तिनं परातभर लाडू असे एकसारखे वळले होते की मोजून पाहायचा मोह व्हावा.

गावातल्या बायांनी ते लाडू मोठ्या अदबीनं पदरात घेतले, आणि घरी जाता जाता गोठ्यात टाकले. धानोरखेडच्या वासरांनी त्या दिवशी जेवढं पौष्टिक खाल्लं तेवढं जन्मात खाल्लं नसेल.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत फक्त पुऱ्यातली पोरं आली. तिसऱ्या दिवशीही तीच. मी घरोघर फिरले. पहिल्यांदा मारोती पाटलांकडे गेले, कारण पाटलांच्या घरचा पाय जिकडे वळतो तिकडे गावाचे पाय वळतात.

"आमचं काई म्हननं नाई, बाई," पाटील ओसरीवर बसून म्हणाले. "पन खडू? लेकरायले खडू चारता? पोटात गोटे होतीन ना." असं म्हणत त्यांनी डबीतला चुना बोटावर घेतला, तळहातावरच्या तंबाखूत चांगला मळला आणि गालात ठेवला.

"पाटील, मग चुना म्हणजे तरी काय?"

"चुना येगळा," ते शांतपणे म्हणाले. "चुना आपला हाये."

आतून तानाबाई, म्हणजे पाटलीणबाई, बोलल्या, "अन् पोट्ट्यायची पोटं नाजूक राह्यते, बाई. मोठ्या मानसाचं येगळं."

गावभर हेच. कोणाच्या पोराला खडूनं उलटी होणार होती, कोणाच्या पोराचे दात पडणार होते, एका आजोबांच्या मते तर खडू खाल्लेल्या माणसाला चितेवर आगच धरत नाही. मी ऐकून घेत होते आणि आतल्या आत जळत होते. कारण खडू नव्हतं. कारण काय होतं ते प्रत्येक ओसरीला ठाऊक होतं. पण ते कारण बोलून दाखवलं तर कायदा होता, फौजदार होता. खडूवर फौजदार येत नाही. आणि इतकं सोयीचं, पांढरंस्वच्छ कारण वामनरावांनी आपल्या हातानं गावाला दिलं होतं. मला त्यांचा असा राग आला होता की काय सांगू.

पंचफुलाला मी काही सांगायची गरजच पडली नाही.

"बाई, आमी देव सोडले," ती कढई घासता घासता म्हणाली. "ढोर ओढनं सोडलं. भाकर मांगनं सोडलं. आता माह्या हाताले काय चिकटून राह्यलं, थे तं सांगा."

"गूळ," मी म्हटलं.

ती हसली. मग पुष्कळ वेळ ती तीच कढई घासत बसली.

वामनरावांनी मात्र खडू मनावर घेतला. लोकांच्या मनातली अढी काढायची म्हणून ते शुद्ध खडूच्या भुकटीची बाटली घेऊन आले, चावडीवर उभे राहिले, आणि सगळ्यांच्या देखत एक मोठा चमचा तोंडात टाकला. गिळायच्या आधी त्यांना बोलायची घाई झाली. तोंडातून पांढरा धूर निघाला आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकली.

गावाला ते फार आवडलं. वामनराव आले की चावडी भरायची. डोंबाऱ्याच्या खेळाला आली नसती एवढी माणसं खडू खाणारा साहेब पाहायला यायची. "साहेब, आनखी एक चमचा," मागून कोणीतरी म्हणायचं, आणि साहेब खायचे. त्याचा परिणाम त्यांच्या पोटावर झाला. बाई माणसानं लिहू नये असा तो परिणाम होता, पण एवढं सांगते की पुढं पुढं ते येताना बाटलीबरोबर पपईही आणू लागले.

खडू खाऊन झाला की ते कोरडं पीठही फाकून दाखवायचे. एकदा मी पंचफुलाच्या परातीतला लाडू त्यांच्यासमोर धरला.

"नको, नको," ते म्हणाले. "आत्ताच एवढा खडू खाल्लाय. पोट गच्च आहे."

मी लाडू तसाच धरून ठेवला. त्यांनी बाटलीचं बूच लावलं, पपई पिशवीत भरली आणि एस.टी.ची वेळ नसताना एस.टी.साठी निघाले.

तरी त्यांच्या सज्जनपणाला दाद दिली पाहिजे. कुठं कुठं खेटे घालून त्यांनी एक पोतं खास बिनखडूचं मिळवलं. ते चावडीवर ठेवून ते म्हणाले, "घ्या. यात खडूचा कणही नाही. आता तर हरकत नाही?"

मारोती पाटील बराच वेळ तंबाखू मळत राहिले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. गाव अडचणीत सापडलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद होत होता. पण पाटलांनी काही उगाच पाटीलकी केली नव्हती.

"म्हनजे असं पाहा साहेब," ते म्हणाले, "की नेरच्या पोट्ट्यायले खडूवालं पीठ, अन् आमच्या पोट्ट्यायले बिनखडूचं. काहून जी? आमच्या लेकरायची हाडं काय हाडं नाईत?"

सभेतून एकदम होकार उठला. गावाचा अपमान झाला होता. कलेक्टरकडे जाऊन गाऱ्हाणं घालायच्या गोष्टी निघाल्या. वामनरावांनी माफी मागितली. चेष्टा नाही, हात जोडून मागितली.

त्यानंतर वरून निरोप आला. मोठे साहेब पोळ्याच्या आधी बालवाडी पाहायला येणार. पंगत भरलेली दिसली तर ठीक, नाहीतर बालवाडी शेजारच्या गावाला जाणार. शेजारच्या गावानं जागा सारवून ठेवली होती, आणि लाडू वळायची बाईही आपल्या पसंतीची ठरवून ठेवली होती.

मी पंचफुलाला म्हटलं, तुला दुसरीकडे कुठं काम मिळवून देईन.

"काम गेलं तं निंदनाले जाईन, बाई," ती म्हणाली. "त्याचं काई नाई. पन लोकं म्हनतीन, पाह्यलं ना, थ्या बाईच्या हातचं चाललं नाई म्हनून बंद झालं. मंग आमच्या पुऱ्यातल्या दुसऱ्या कोन्या बाईले कोनी कुठं लावन काय?"

मी हजेरीपट उगाच उघडला आणि मिटला.

आता कौसल्येचं सांगते. कौसल्या पाटलांची सून, माहेर कळंबचं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. तानाबाईंनी चिंतामणीला नवस बोलला होता, आणि आता कौसल्येला दिवस गेले होते. तानाबाई तिला जमिनीवर पाय ठेवू देत नव्हत्या. पण पोरीला डोहाळे लागले मातीचे. आधी तिनं चुलीचे पोपडे खाल्ले. मग फुटक्या माठाची खापरं कुरतडली. हे चालतं, सगळ्याच बाया खातात, कोणी काही बोललं नाही. मग एक दिवस तिनं सगळं बाजूला सारलं आणि म्हणाली, मला बालवाडीचा लाडू पाहिजे.

झालं होतं असं की उद्घाटनाच्या दिवशी तानाबाईंनी आपल्या पदरातले लाडू सुनेजवळ दिले होते, वासराला टाक म्हणून. वासराला एकही मिळाला नाही. गोठ्यामागं उभं राहून कौसल्येनं सगळे खाल्ले, आणि ती चव तिच्या जिभेवर जाऊन बसली.

डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात. हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की त्यापुढं पाटील, पंचायत, कायदा, सगळे सारखे. कौसल्येनं अन्न तोडलं आणि तानाबाईंची झोप गेली.

एका दुपारी त्या बालवाडीच्या मागच्या अंगानं, तुराट्यांच्या कुंपणातली, म्हणजे कुपाटीतली, फट धरून आत आल्या. मी तिथंच होते. मला पाहून त्या जराशा चपापल्या.

"पंचफुला, थोडंसं पीठ दे वो," त्या म्हणाल्या. "कोरडं."

कोरड्याला विटाळ होत नाही. पंचफुलानं पीठ दिलं. तानाबाईंनी घरी जाऊन काय केलं, ते मला पुढं कौसल्येनंच हसून हसून सांगितलं. खडूचा धोका त्यांनी गावाला इतक्या वेळा सांगितला होता की एव्हाना त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. नवसाच्या लेकराच्या पोटात खडू जाऊ नये म्हणून त्यांनी ते पीठ कुरोड्यांच्या गव्हासारखं पाण्यात भिजत घातलं, निवळू दिलं, तळाशी बसलेलं सगळं पांढरं ओतून टाकलं आणि वर राहिलेल्या लगद्याचे लाडू केले. कौसल्येनं एक घास घेतला आणि गोठ्यात जाऊन थुंकला. वासरानंही तोंड फिरवलं.

"हा नाई," ती रडत म्हणाली. "थिच्या हातचा पाह्यजे."

मोठे साहेब यायचा दिवस जवळ आला. त्याच्या आदल्या दुपारी तानाबाई पुन्हा त्याच फटीतून आल्या. या वेळी हातात झाकणाचा डबा होता.

"चार लाडू घाल याच्यात," त्या हळूच म्हणाल्या. "अन् कोनाले सांगू नको, बापा."

पंचफुलानं हात पुसले. "बालवाडीचा नियम हाये, पाटलीनबाई. लाडू इथंच बसून खा लागते. घरी न्याचा नाई."

नियम खरा होता. वासरांची बातमी कळल्यावर वामनरावांनीच केला होता.

"मी कोन हाये, मालूम हाये ना तुले?"

"मालूम हाये ना जी. म्हनूनच सांगून राह्यली. गरवार बाईले लाडू द्याची परवानगी हाये. सकाळी पोट्ट्यायच्या पंगतीत आनून बसवा. पोटभर देतो."

मी पंचफुलाच्या कानाशी लागले. म्हटलं, दे ना, अगं पोटुशी बाई आहे, आणि उद्या साहेब येणार, पाटलीणबाईंना दुखवून काय मिळवशील? ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, कुपाटीतून गेलेला लाडू कुपाटीतच राह्यते."

तानाबाई रिकामा डबा घेऊन गेल्या. जाताना त्यांनी ती फट अशी काही ओढली की दोन तुराट्या मोडल्या. मी पंचफुलावर चिडले. तोंडाला येईल ते बोलले. हट्टी आहेस म्हटलं, आपल्या हातानं धोंडा पाडून घेतेस म्हटलं. ती पीठ भाजत राहिली. मंद आचेवर, सावकाश, एक दाणा करपू न देता. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते धुराचं आहे असं तिनं मला सांगितलं नाही.

सकाळी पंगतीत पुऱ्यातली पोरं तेवढी बसली होती. वामनराव इस्त्रीचा बुशशर्ट घालून, बाटली घेऊन दारात उभे होते. साहेबांची जीप अजून यायची होती. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला तानाबाई दिसल्या. मागं डोक्यावरून पदर घेतलेली कौसल्या. मागच्या बाजूनं नाही, भर गावातून, मारोतीच्या देवळावरून. आणि प्रत्येक दारापाशी थांबून तानाबाई मोठ्यानं सांगत होत्या.

"डव्हाळे लागले, बाई. खडूचे डव्हाळे. आता काय करता? दुसरं काई चालतच नाई पोरीले. पोटातलं लेकरूच मांगून राह्यलं खडू."

बाया उंबऱ्यावर आल्या. पाटलांची सून पंगतीत, पुऱ्यातल्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि पंचफुलानं तिच्या हातावर लाडू ठेवला. कौसल्येनं डोळे मिटून तो खाल्ला. दुसरा मागितला.

मग काय, सगळ्या गावाचीच हाडं एकाएकी कच्ची निघाली. एकेक आई पोराला बखोटीला धरून आणायला लागली. "आमच्याचे दात उशिरा आले, बाई, खडू कमी हाये त्याले," एक म्हणाली. दुसरीच्या पोराचे पाय वाकडे होते. चितेवर आग न धरण्याचं भविष्य सांगणारे आजोबाही नातवाला घेऊन आले आणि म्हातारपणी खडू चालतो का म्हणून चौकशी करून गेले. पंगत दोनदा वाढवावी लागली.

साहेब आले, त्यांनी पंगत पाहिली आणि ते खूश झाले. "हे कसं साधलंत?" त्यांनी विचारलं.

"सातत्यानं प्रचार, साहेब," वामनराव म्हणाले आणि बाटली पुढं केली. साहेबांनी बाटलीऐवजी परातीतला लाडू उचलला आणि तोंडात टाकला. साहेबांनी खाल्ल्यावर वामनरावांना खाणं भाग पडलं. त्यांनी हळूहळू चावला, गिळला, आणि तिथंच उभे राहिले. काहीच झालं नाही, याचं त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं.

तेवढ्यात कौसल्येला ठसका लागला. लाडू कोरडा. घाईघाईत खाल्ला की घशातच बसतो. ती खोकायला लागली, चेहरा लाल झाला, डोळे पाण्यानं भरले.

"घरून पानी आना रे कोनी," तानाबाई ओरडल्या. पण पाटलांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि कौसल्येला श्वास घेता येईना.

पंचफुला माठातून पेला भरून समोर येऊन उभी राहिली. पुढं केला नाही, मागं घेतला नाही. पंगतीतले हात थांबले. लाडवाला खडू होता, हाडं होती, डोहाळे होते. पाण्याला असं काहीच निमित्त नव्हतं. ते नुसतं पाणी होतं, पुऱ्याच्या विहिरीवरून पंचफुलानं डोक्यावर आणलेलं.

तानाबाईंनी तिच्या हातातून पेला घेतला आणि सुनेच्या तोंडाला लावला. कौसल्या प्यायली. खोकला थांबला. तानाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि दुसऱ्या हातात अर्धा पेला तसाच राहिला. तो खाली ठेवावा की अंगणात ओतावा, याकडे सगळ्या बायांचे डोळे लागले होते.

वामनराव खाकरले. "वास्तविक," ते म्हणाले, "या भागातल्या विहिरींच्या पाण्यातही खडूचा अंश असतोच." हे ते सगळं उमगून म्हणाले की नेहमीच्या सवयीनं, मला आजतागायत कळलेलं नाही.

तानाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"राहू द्या ना साहेब तुमचा खडू," त्या म्हणाल्या. "तहान लागली मले."

आणि उरलेलं पाणी त्यांनी उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

"आनखी देऊ?" पंचफुलानं विचारलं.

"दे."

पंचफुला माठाकडे वळली. पेला तिनं इतका काठोकाठ भरला की पाणी खालीच सांडलं.